जुनं होम नव्या होमवर ओतू नका

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकलं. त्याआधी अख्खी होम डिरेक्टरी (आपल्या सगळ्या फाइल्स आणि सेटिंग्ज राहतात ते फोल्डर) विंडोजलाही चालणाऱ्या एक्सफॅट फॉरमॅटच्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून ठेवली होती. नवी सिस्टिम उभी राहिल्यावर तीच कॉपी सुडो (अॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून परत जागेवर टाकली, आणि आता लॉगिनच होत नाही. पासवर्ड बरोबर आहे, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनचीच खिडकी समोर. डेटा गेला का? आणि पुढच्या वेळी बॅकअप कसा घ्यावा, म्हणजे तो नीट परत येईल?

डेटा गेलेला नाही, आधी श्वास घ्या. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच.)

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळी स्क्रीन येईल, तिथे नाव-पासवर्ड टाकून आत जा. इथे लॉगिन होतं, कारण नुसत्या शेलला (कमांड टाइप करायच्या या काळ्या स्क्रीनला) होममध्ये काही लिहावं लागत नाही. ग्राफिकल सेशनला मात्र पहिल्या सेकंदापासून डॉट कॉन्फिग, डॉट कॅश अशा डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांत लिहायचं असतं, आणि तिथे त्याला मज्जाव झाला की ते मुकाट्याने बाहेर पडतं. आता 'एलएस -एलए' मारून बघा. मालकाच्या रकान्यात तुमच्या नावाऐवजी 'रूट रूट' (रूट म्हणजे सिस्टिमचा अॅडमिन युजर) अशी ओळच्या ओळ दिसेल. सुडोने कॉपी केलीत, म्हणून प्रत्येक फाइल रूटच्या मालकीची झाली. उपाय एका ओळीचा आहे: 'सुडो सीएचओन -आर नाव: /होम/नाव'. यातला आर कॅपिटल, आणि नावापुढचा कोलन मुद्दाम ठेवलेला आहे, त्याने ग्रुपही तुमचाच होतो. एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. पहिल्या तिरप्या रेघेनंतर चुकून स्पेस पडली, तर ही कमांड अख्ख्या सिस्टिमची मालकी बदलत सुटते आणि मग खरंच नव्याने सगळं टाकावं लागतं.

एवढ्यानेही लॉगिन झालं नाही, तर 'डीएफ -एच' बघा. डिस्क शंभर टक्के भरली तरी लक्षण हुबेहूब हेच असतं. फेडोरासारख्या एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा चालू असलेल्या सिस्टिमवर 'सुडो रिस्टोरकॉन -आर /होम/नाव' हेही चालवा (आर इथेही कॅपिटल), कारण तिथे मालकीखेरीज प्रत्येक फाइलवर एक लेबल असतं आणि कॉपीत तेही बदललेलं असू शकतं.

आता हे झालं कसं. सुडो हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं त्या डिस्कच्या फॉरमॅटमध्ये आहे. एक्सफॅटला लिनक्सची मालकी, परवानग्या, सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) यातलं काहीच कळत नाही. डिस्क माउंट करताना (सिस्टिमला जोडताना) जो मालक आणि ज्या परवानग्या ठरतात, त्याच सगळ्या फाइल्सना सरसकट दिसतात. म्हणून परत आणलेले तुमचे फोटोसुद्धा बहुधा एक्झिक्युटेबल झालेले असतील. लिंक असतील तिथे कॉपी करताना एरर आली असेल आणि ती शेकडो ओळींच्या गर्दीत तुमच्या नजरेतून सुटली असेल. नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह असलेल्या फाइल्स तिथे चालत नाहीत. 'नोट्स' हे नाव एकदा कॅपिटल एनने आणि एकदा साध्या एनने असेल, तर लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइल्स, एक्सफॅटवर एकच. फॅट३२ असती, तर वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइलही बसली नसती. सांगायचं असं की तुमचा बॅकअप परत आणताना बिघडला नाही, घेतला तेव्हाच तो अर्धवट होता.

म्हणून फक्त बॅकअपसाठी डिस्क ठेवणार असाल, तर ती सरळ एक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये करा. तीच डिस्क विंडोजलाही लावायची असेल, तर फाइल्स उघड्या कॉपी करू नका. टारने सगळं एकत्र बांधून एक मोठी फाइल करा, नाहीतर बोर्ग किंवा रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमची रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) तयार करा. मालकी, परवानग्या, लिंक हे सगळं ही साधनं स्वतःच्या पोटात लिहून ठेवतात, त्यामुळे बाहेरच्या डिस्कला ते कळलं नाही तरी बिघडत नाही.

दुसरी एक चूक तुमच्याकडेही झाली आहे का ते लगेच तपासा. 'सीपी -आर' लिहून पुढे होम आणि चांदणी टाकली असेल, तर शेल त्या चांदणीत डॉटने सुरू होणारी नावं धरत नाही. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स सगळं येतं आणि डिस्कवर बघितलं की समाधान वाटतं. पण एसएसएचच्या (दुसऱ्या संगणकात लॉगिन करायच्या) किल्ल्या, जीपीजीच्या (एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या, ब्राउझरचं प्रोफाइल, थंडरबर्डमधली मेल हे सगळं डॉटवाल्या फोल्डरांत असतं आणि ते मागेच राहून जातं. बॅकअपच्या डिस्कवर 'एलएस -ए' (कॅपिटल ए) मारा. डॉट एसएसएच दिसलं नाही, तर काय झालं ते समजून जा.

हे सगळं टाळायला माझी रोजची कमांड आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाची आहे: 'आरसिंक -एएचएएक्स', त्यातला पहिला ए तेवढा स्मॉल, बाकी तिन्ही अक्षरं कॅपिटल. १९९६ सालापासूनचं हे साधन, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी लिहिलेलं. स्मॉल ए म्हणजे 'जसंच्या तसं' असं लोक धरून चालतात. ते पूर्ण खरं नाही. त्यात परवानग्या, वेळा, मालक, ग्रुप आणि सिम्बॉलिक लिंक येतात, पण हार्ड लिंक (एकाच फाइलचं दुसरं नाव), एसीएल (जादा परवानग्यांची यादी) आणि एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेली जादा माहिती) येत नाहीत. त्यासाठी ती तीन कॅपिटल अक्षरं. सोबत एक स्मॉल एक्सही लावा, म्हणजे होममध्ये कुठे एसएसएचएफएसने दुसरा सर्व्हर माउंट केलेला असेल, तर आरसिंक त्यात शिरत नाही. मी हे एकदा विसरलो होतो. रात्रभर लॅपटॉप एका सर्व्हरवरचा सगळा डेटा नेटवर्कवरून ओढत बसला आणि सकाळी बॅकअपची डिस्क भरलेली.

सोर्सच्या शेवटची तिरपी रेघ हा आरसिंकमधला सगळ्यात जास्त छळणारा बारकावा. रेघ असेल तर फोल्डरमधलं सामान जातं, नसेल तर फोल्डर स्वतःच जातं. एकदा रेघेसकट आणि पुढच्या आठवड्यात रेघेशिवाय चालवलंत, की बॅकअपच्या आत आणखी एक बॅकअप तयार होतो. कमांड एकदाच स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा आणि हाताने पुन्हा टाइप करू नका.

काय वगळायचं याची यादी छोटीच ठेवा. डॉट कॅश वगळा, त्यातलं सगळं पुन्हा तयार होतं. कचरापेटी वगळा, ती डॉट लोकलमधल्या शेअरमध्ये असते. नोड मॉड्यूल्ससारखी पुन्हा उतरवता येणारी ढिगाऱ्याची फोल्डरं वगळा. त्यापुढे कात्री चालवू नका. फ्लॅटपॅक या पद्धतीने बसवलेल्या अ‍ॅप्सचा डेटा आणि सेटिंग्ज डॉट व्हारमधल्या अ‍ॅप फोल्डरात असतात, तर उबुंटूवर २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅप या पॅकेजच्या रूपात येतो आणि त्याचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप नावाच्या फोल्डरात राहतं. 'हे काय भलतंच' म्हणून स्नॅप फोल्डर वगळलंत, तर सगळे बुकमार्क गेले.

आरसिंकच्या डिलीट या ऑप्शनबद्दल जरा सविस्तर सांगतो. तो लावला की सोर्समधून गेलेल्या फाइल्स बॅकअपमधूनही पुसल्या जातात आणि दोन्ही बाजू आरशासारख्या एकसारख्या राहतात. पण सोर्स रिकामा असेल तर? समजा तुमचं होम वेगळ्या पार्टिशनवर आहे आणि काही कारणाने ते माउंट झालं नाही. मग आरसिंकला एक रिकामं फोल्डर दिसतं. फाइल वाचताना एरर आली तर आरसिंक सावध होऊन पुसण्याचं काम थांबवतं, पण रिकामं फोल्डर ही काही एरर नव्हे. ते इमानेइतबारे बॅकअपही रिकामा करतं. उलट बाजूनेही घोटाळा होतो, आणि तो माझ्याकडे झालेला आहे. स्क्रिप्ट रात्री क्रॉन या वेळापत्रकाच्या प्रोग्रॅममधून चालायची आणि केबल सैल असल्यामुळे एक्स्टर्नल डिस्क माउंटच नव्हती. माउंट पॉइंटचं फोल्डर मात्र जागेवर होतं, म्हणून अख्खा बॅकअप मूळ डिस्कवरच लिहिला गेला, ती भरेपर्यंत. सकाळी माझ्यासमोरही तीच तुमची लॉगिनची खिडकी. तेव्हापासून स्क्रिप्टची पहिली ओळ 'माउंटपॉइंट -क्यू' ही असते. डिस्क लागलेली नसेल तर पुढचं काहीच चालत नाही. आणि डिलीट लावलेली कमांड पहिल्यांदा चालवताना स्मॉल एन आणि स्मॉल आय लावून कोरडी चालवायची. प्रत्यक्षात काही होत नाही, फक्त काय होणार आहे त्याची यादी येते. त्यात 'डिलीटिंग'च्या ओळी धबधब्यासारख्या दिसल्या, तर हात मागे घ्यावा.

आरशाचा मुख्य तोटा वेगळाच आहे. मंगळवारी एखादी फाइल बिघडली आणि शुक्रवारी तुमच्या लक्षात आलं, तोवर बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत जाऊन बसलेली असते. त्यासाठी जुन्या तारखांच्या प्रती हव्यात. आरसिंकच्या लिंक-डेस्ट ऑप्शनने ते जमतं, न बदललेल्या फाइल्सची हार्ड लिंक पडते आणि जागा वाचते. पण लोकल डिस्कवर आरसिंक बदललेली फाइल पूर्णच्या पूर्ण कॉपी करतं, फक्त बदललेला तुकडा पाठवण्याची त्याची प्रसिद्ध करामत नेटवर्कसाठी आहे. ४० जीबीची व्हर्च्युअल मशीनची फाइल होममध्ये असेल, तर रोज ४० जीबीची नवी प्रत. म्हणून एका माणसाच्या एका लॅपटॉपसाठी माझं मत आता सरळ बोर्ग किंवा रेस्टिककडे झुकतं. दोन्ही फाइलचे तुकडे करून एकसारखे तुकडे एकदाच साठवतात आणि दोन्हीत एन्क्रिप्शन आहे. बोर्ग २०१५ मध्ये अ‍ॅटिक नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालं. एसएसएचने पोहोचता येणारा दुसरा संगणक असेल तर ते मला जास्त सोयीचं वाटतं. क्लाउडवरच्या स्टोरेजमध्ये टाकायचं असेल तर रेस्टिक.

मात्र किल्ली सांभाळा. रेस्टिकचा पासवर्ड हरवला की डेटा कुणालाच उघडता येत नाही, त्याला पळवाट नाही. बोर्गमध्ये कीफाइल पद्धत निवडली, तर किल्ली तुमच्या होममधल्या डॉट कॉन्फिगमध्येच राहते. म्हणजे डिस्क मेली की किल्लीही गेली, आणि तिची एकमेव प्रत त्याच किल्लीने बंद केलेल्या रिपॉझिटरीत. पासवर्ड मॅनेजरची फाइल होममध्ये आणि बॅकअपचा पासवर्ड त्याच पासवर्ड मॅनेजरमध्ये, हाही त्यातलाच प्रकार. 'बोर्ग की एक्स्पोर्ट' करून किल्ली कागदावर छापा, पासवर्डही कागदावर लिहा आणि तो कागद संगणकापासून लांब ठेवा.

बॅकअप घेताना ब्राउझर आणि मेलचा प्रोग्रॅम बंद असलेले बरे. फायरफॉक्स आपला इतिहास आणि बुकमार्क एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये ठेवतो आणि ताजे बदल बाजूच्या वेगळ्या फाइलमध्ये आधी लिहितो. दोन्ही फाइल्स वेगवेगळ्या क्षणी कॉपी झाल्या तर त्यांचा मेळ बसेलच असं नाही. चालू व्हर्च्युअल मशीनचंही तेच. वेळापत्रकासाठी लॅपटॉपवर क्रॉनऐवजी सिस्टिमडी या लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा टायमर वापरा आणि त्यात पर्सिस्टंट चालू करा. रात्री दोनला लॅपटॉप बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतो, टायमर नंतर भरपाई करतो.

होमचा बॅकअप म्हणजे सगळ्याचा बॅकअप नव्हे, हे इथेच सांगून ठेवतो. तुमचा क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) होममध्ये नसतो, तो व्हार या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या स्पूल फोल्डरात असतो. वायफायचे पासवर्ड बहुतेक ठिकाणी ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरात. डॉकरचे व्हॉल्यूम (त्याचा डेटा) आणि लिबव्हर्टच्या व्हर्च्युअल मशीन व्हारमधल्या लिबमध्ये. म्हणून स्क्रिप्टमध्ये आरसिंकच्या आधी मी 'क्रॉनटॅब -एल'चं आणि डेबियन-उबुंटूवर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल'चं आउटपुट होममधल्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओततो. नव्या सिस्टिमवर काय काय बसवायचं याची ती आयती यादी. याच्या उलट गैरसमज टाइमशिफ्ट या स्नॅपशॉट घेणाऱ्या प्रोग्रॅमचा: ते चालू आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते सिस्टिमच्या फाइल्ससाठी आहे आणि मूळ सेटिंगमध्ये होम वगळतं.

आता परत आणण्याची गोष्ट. माझ्या मते तुमची खरी चूक फॉरमॅटही नाही आणि सुडोही नाही. नव्या, चालत्या होमवर जुनं होम ओतलंत, ती आहे. त्याच डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराच्या) त्याच आवृत्तीत फक्त डिस्क बदलली असेल, तर अख्खं होम परत टाकायला हरकत नाही, तेही त्या खात्यात लॉगिन नसताना. तुम्ही लॉगिन असाल तर चालू सेशन बाहेर पडताना आपली सेटिंग्ज लिहून जातं आणि तुम्ही आणलेल्यावर बोळा फिरवतं. पण डिस्ट्रो किंवा आवृत्ती बदलली असेल, तर जुनं होम शेजारी वेगळ्या फोल्डरात उतरवा आणि एकेक वस्तू उचलून आणा.

नव्या सिस्टिमवर युजरचं नाव जुनंच ठेवा. असंख्य सेटिंग्जमध्ये होमचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि नाव बदललं की ते सगळे पत्ते चुकतात. मग 'आयडी' कमांडने यूआयडी (युजरचा क्रमांक) बघा. डेबियन, उबुंटू, फेडोरा या तिन्हींवर पहिला युजर १००० असतो, त्यामुळे एकट्याच्या लॅपटॉपवर सहसा जुळतं. जुळलं नाही, तर मालकाच्या जागी नाव न दिसता नुसता आकडा दिसतो, आणि वरचीच सीएचओन चालवावी लागते. रेस्टिक दिलेल्या टार्गेटच्या आत होम आणि त्यात तुमचं नाव असा पूर्ण मार्ग तयार करतं. बोर्ग मात्र तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथेच फाइल्स उतरवतं, म्हणून आधी रिकामं फोल्डर करून त्यात जा.

डॉक्युमेंट्स, फोटो, कोड हे आधी आणा, त्यात धोका नाही. मग डॉट एसएसएच. त्या फोल्डरला ७०० आणि खासगी किल्लीला ६०० परवानगी द्या (म्हणजे फक्त मालकालाच). परवानगी सैल असेल तर एसएसएच किल्ली असूनही ती वापरायला नकार देतं, आणि माणूस किल्लीच बिघडली असं समजून बसतो. तुमच्या एक्सफॅटवरून आलेल्या किल्ल्यांचं हे हमखास होणार. डॉट जीएनयूपीजीलाही ७०० हवं. फायरफॉक्सचं प्रोफाइल अख्खं फोल्डर म्हणून आणा, पण एक अट आहे: २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून तो नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू देत नाही. नव्या फायरफॉक्सवरून डेबियन स्टेबलच्या जुन्या फायरफॉक्सकडे आलात, तर इथे अडाल. ग्नोम या डेस्कटॉपची पासवर्डची पेटी म्हणजे कीरिंग डॉट लोकलमधल्या शेअरमध्ये असते आणि ती आणली की जुन्या लॉगिनचा पासवर्ड मागते. नवा टाकून ती उघडत नाही.

डेस्कटॉपची सेटिंग्ज मी आणत नाही. ग्नोमची बहुतेक सेटिंग्ज डीकॉन्फच्या एका बायनरी फाइलमध्ये असतात, ती तशीच आणली की काढून टाकलेल्या एक्स्टेन्शनपासून अस्तित्वात नसलेल्या थीमपर्यंत सगळं भूत बनून परत येतं. कीबोर्डचे शॉर्टकट हवेच असतील, तर जुनी सिस्टिम जिवंत असताना 'डीकॉन्फ डंप'ने तेवढाच भाग टेक्स्टमध्ये काढून ठेवा. डॉट बॅशआरसी (शेलच्या सेटिंग्जची फाइल) उघडून वाचा आणि लागतील त्या ओळी घ्या. पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणूच नका, त्यात जुन्या पायथनचे पत्ते कोरलेले असतात. पॅकेजची यादी घेऊन नवी बनवा.

सगळं आणल्यावर पडताळणीसाठी पुन्हा आरसिंकच. बॅकअप आणि परत आणलेलं फोल्डर यांच्यात स्मॉल ए सोबत स्मॉल एन, सी आणि आय लावून चालवा. सी लावल्यामुळे ते फक्त आकार आणि वेळ न बघता मजकुराची चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवतं. वेळ लागतो, पण शेवटी एकही ओळ न छापता प्रॉम्प्ट परत आला की सगळं आलंय. तुमच्या एक्सफॅटच्या प्रतीशी जुळवताना परवानग्यांच्या फरकाच्या ओळी भरपूर येतील, तिथे स्मॉल ए ऐवजी फक्त स्मॉल आर वापरा.

आणि ती एक्सफॅट डिस्क माझं ऐकून लगेच एक्सटी४ करायला घेऊ नका. या क्षणी तुमच्या जुन्या होमची लॅपटॉपबाहेरची ती एकमेव प्रत आहे. आधी सीएचओनने लॉगिन सुरू करा, डॉट एसएसएच आणि ब्राउझरचं प्रोफाइल आलंय का बघा, दुसऱ्या एखाद्या डिस्कवर नवा बॅकअप घ्या आणि त्यातून दोन-चार फाइल्स उघडून पाहा. त्यानंतर महिनाभर तरी जुनी डिस्क तशीच राहू द्या. काहीतरी मागे राहिल्याचं आठवतं ते बहुतेक वेळा तिसऱ्या आठवड्यात.